डोक्यावरचा दिवा आणि खिशातला सेल

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, जमिनीवर घातला तर उठवायला माणूस लागतो, हे तुम्ही जाणताच).

आठवतं का, आपण दोघी मागच्या पायरीवर मटार सोलत बसलो होतो आणि तुमचे बंधुराज उभ्या सायकलवरून पडले होते? चालत्या नव्हे, उभ्या. सायकल स्टँडवर होती, तिच्यावर बसून हे चेनला तेल लागलं का ते वाकून बघत होते, आणि बघता बघता अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखे, डावीकडे गेले. माझं नुकतंच लग्न झालेलं. नवऱ्याला हसावं की नाही हे मला कोणी शिकवलं नव्हतं (कॉन्व्हेंटमध्ये बाकी सगळं शिकवलं, एवढं राहिलं), म्हणून मी तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही तोंडात मूठभर मटार कोंबून डोळे पुसत होतात. त्या दुपारपासून मी तुम्हाला घाबरणं सोडलं. हे मात्र अजून घाबरतात, आणि हे पत्र त्याच भरवशावर लिहिते आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा गुडघ्याला बांधता, की अजून कपाटाचं दार बंद राहावं म्हणून त्याला बांधला आहे? मांजरीची पिल्लं कोणी नेली का? माझी तब्येत विचाराल, तर ताप नाही, खोकला नाही, पण महिनाभर मी धक्क्यात आहे. एक धक्का पचतो न पचतो तोच दुसरा. काल आरशात पाहिलं तर भुवया जिथे असायला हव्यात त्याच्या बऱ्याच वर होत्या, आणि आता बहुधा तिथेच राहणार.

झालं असं. निवृत्त झाल्यापासून हे गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात जातात, असा माझा समज होता. एका गुरुवारी हे घरी आले ते कानापर्यंत चिखलाने माखून, कॉलरमध्ये गवत. वाचनालयात एवढं गवत कुठून आलं, असं मी विचारलं. यांच्या मागे आमच्या सूनबाई उभ्या होत्या, डोक्यावर हेल्मेट, नजर छताकडे. (तुम्ही तिला लग्नात पाहिलंत, दातांची डॉक्टर. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात तिचा दिवस जातो, स्वतःचं बंद ठेवण्यात ती तितकीच पटाईत आहे.) आणि दाराबाहेर एक जाड टायरची सायकल, तिच्या हँडलला आपल्या स्वयंपाकघरातला टॉर्च बांधलेला, आणि तो कशाने बांधलेला? माझ्या गाऊनच्या पट्ट्याने! किती तरी दिवस मी तो पट्टा शोधत होते, वन्सं, आणि दूधवाल्यासमोर एका हाताने गाऊन धरून उभी राहत होते.

मग सगळं बाहेर आलं. सूनबाई आणि तिचे मित्रमैत्रिणी दवाखाने आणि कचेऱ्या बंद झाल्या की गावामागच्या टेकडीवर सायकली घेऊन चढतात आणि अंधारात, झाडाझुडपांतून, दगडांवरून, खाली येतात. मुद्दाम. कोणी पाठीमागे लागलेलं नसताना. त्याला माउंटन बायकिंग म्हणतात. तिने एकदा सहज विचारलं, "बाबा, येता का?" आणि जो माणूस रिकामा रस्तासुद्धा दोनदा इकडे, दोनदा तिकडे बघून ओलांडतो, तो हो म्हणाला.

मी म्हटलं, अहो, दिवसा जा ना, उजेडात. तर म्हणतात, "दिवसा पडलो तर लोक बघतात." मग जरा वेळाने, चिखलाचे मोजे काढता काढता, हळूच म्हणाले की अगं, नकाशांच्या कचेरीत उभा जन्म गेला, या टेकडीच्या उंचीच्या रेषा मीच काढल्या आहेत, पण टेबलावर. ती पायाखाली कशी लागते ते बघायचं राहून गेलं. मोजे सिंकमध्ये टाकत होते म्हणून मी ओरडले, नाहीतर माझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

त्या रात्री शेवटचं ताट धुऊन होईपर्यंत माझं ठरलं होतं: जायचंच असेल तर हा माणूस माझ्या गाऊनच्या पट्ट्यावर विसंबून जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि सूनबाई सायकलच्या दुकानात गेलो. तुम्ही अलीकडे असल्या दुकानात गेला नसाल तर जाऊ नका. दुकानदाराने मला "आजी" म्हटलं (माझ्याहून त्याचेच केस जास्त पांढरे होते) आणि काचेच्या कपाटातून दिव्यांची अशी रांग काढली की मला वाटलं हा दागिनेच दाखवतो आहे. किमती ऐकून खात्री पटली. एक दिवा त्याने माझ्याकडे तोंड करून लावला. मला सगळं हिरवं, मग जांभळं दिसायला लागलं, आणि त्या जांभळ्यात कॉन्व्हेंटमधल्या शिवणाच्या सिस्टर, ज्या कधीच्या देवाघरी गेल्या, त्या अगदी स्पष्ट दिसल्या. मी खुर्ची मागितली.

सूनबाईने समजावलं ते मात्र मला पटलं. दिवे दोन हवेत. हँडलवरचा पसरट उजेडाचा, तो चाक वळेल तिकडे बघतो; डोक्यावरचा बारीक, लांब उजेडाचा, तो आपण बघू तिकडे बघतो. वळणावर चाक अजून सरळ असतं आणि आपल्याला पुढचा दगड बघायचा असतो, तेव्हा डोक्यावरचा कामाला येतो. चढताना सावकाश जायचं असतं, म्हणून उजेड कमी ठेवायचा, उतरताना पूर्ण सोडायचा. थंडीत सेल लवकर दम तोडतात, तेही लक्षात ठेवायचं. इथपर्यंत ठीक. मग दुकानदाराने एक गुळगुळीत, देखणा दिवा पुढे केला, ज्याची बॅटरी आतच बसवलेली होती. मी विचारलं, ही संपली की? म्हणाला, "घरी येऊन चार्जिंगला लावायची, आजी." मी म्हटलं, आणि घरी यायचं कसं? तो त्या दिव्याकडे बघत राहिला, जणू दिव्यानेच उत्तर द्यावं.

शेवटी मी घेतला तो मागचं झाकण फिरवून सेल बदलता येतो असा. बोटभर लांबीचे, जाडजूड, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल. एक दिव्यात, एक खिशात. सिस्टर आम्हाला फ्रॉकला एक रुमाल टाचायला लावत आणि दुसरा खिशात ठेवायला लावत. पहिला दाखवायला, दुसरा नाकाला. मला त्या दिव्यात तीच शिस्त दिसली.

घरी आल्यावर उजेड पडतो कसा ते बघायला घरातले सगळे दिवे बंद केले आणि यांनी हेल्मेट चढवून डोक्यावरचा लावला. खिडकी उघडी होती. हे "वा!" म्हणत तिकडे वळले, आणि समोरच्या इमारतीतल्या बाई, ज्यांनी आमच्या महिला मंडळात केसांच्या नैसर्गिक काळेपणावर व्याख्यान दिलं होतं, त्या डोक्याला काळा लेप थापून, कानांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, नाटकातल्या राणीसारख्या भर उजेडात उभ्या! त्या हलेनात, हे हलेनात. "अहो, मान फिरवा!" असं मी ओरडले तर यांनी मान फिरवली ती खालच्या मजल्याकडे, आणि तिथे जे दिसलं ते मी पत्रात लिहू शकत नाही. भेटीत सांगेन.

आता मुख्य धक्का. पुढच्या गुरुवारी मी पायथ्यापर्यंत गेले (चिरंजीव मोटारीने सोडायला आले आणि काचा वर करून आत बसून राहिले, त्यांना अंधाराचं वावडं आहे). निघण्यापूर्वी मी यांचा जादा सेल स्वच्छ रुमालात बांधला, हरवू नये म्हणून त्याच रुमालात घराची किल्ली बांधली, आणि गाठोडं यांच्या पँटच्या खिशात सेफ्टी पिनने टाचलं. लहानपणापासून मला मोलाची वस्तू सांभाळायची दुसरी रीतच माहीत नाही. मंडळी वर गेली. खालून दिसत होतं, वन्सं, टेकडीवर दिव्यांची एक माळ हळूहळू चढत होती आणि त्यातला एक दिवा, सगळ्यांत मागचा, दर थोड्या वेळाने थांबत होता. ते हे होते. मी त्या एका दिव्यावर नजर लावून बसले होते. मग माळ वरून उलटी फिरली, उतरू लागली, आणि एकाएकी किंकाळी ऐकू आली. यांची. सगळे दिवे जागच्या जागी थांबले, गर्रकन वळले आणि एकाच ठिकाणी रोखले गेले.

मनात एकच आलं की संपलं. मी चिरंजीवांना हाकसुद्धा मारली नाही, स्वयंपाकघरातला टॉर्च घेऊन सरळ चढत सुटले. झुडपं, दगड, बूट, कशाचं भान नाही. वाटेत मी मोठमोठ्याने काय बोलत होते मला ठाऊक नाही, पण सूनबाई म्हणते की मी देवाला इंग्रजीत रागावत होते.

वर पोहोचले, तर तुमचे बंधुराज चड्डीवर उभे. पँट दगडावर, वाफाळलेली. कारण असं की सेलच्या दोन्ही टोकांना किल्ली टेकली, वीज तिच्यातूनच फिरायला लागली आणि खिशातला सेल निखाऱ्यासारखा तापला. सेफ्टी पिन काही सुटेना, म्हणून यांनी पँटच उतरवली. आणि ही माणसं चांगली हो, मदतीला धावलेली, पण डोक्यावरचा दिवा आपण बघू तिकडेच बघतो! जो तो काळजीने बघत होता. जितकी काळजी जास्त, तितका उजेड जास्त. सूनबाई मांडीवर बाटलीतलं पाणी ओतत होती आणि म्हणत होती, "सगळ्यांनी वर बघा, प्लीज, वर बघा!" तेव्हा कुठे दिवे झाडांच्या शेंड्यांवर गेले आणि झोपलेले पक्षी उठले.

नाण्याएवढा चट्टा आला आहे, आता बरा आहे. मला पाहून हे म्हणाले, "अगं, तू इथवर आलीस?" आणि त्या तशा अवस्थेत, हेल्मेट आणि चड्डीवर, हसत सुटले.

जादा सेल एकेकटा, बंद प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा असतो, किल्ली किंवा नाण्यांसोबत कधीच नाही, हे मला आता कळलं. तुमच्या घरी असले सेल असतील तर आजच बघा. आणि वन्सं, तुमचं लिहिणं यांना आज्ञेसारखं असतं. या वयात हे चाळे थांबवावेत असं यांना दोन ओळींत लिहा. माझं कोणी ऐकत नाही.

तुमची,
धक्क्यातली भावजय

ता. क. वर लिहिलं आहे तसं लिहू नका. तुम्ही लिहिलंत तर हे खरंच थांबतील. त्या दिवशी सूनबाईची शाल कमरेला गुंडाळून यांनी मला खालच्या गावाचे दिवे दाखवले आणि ओल्या बोटाने हवेत रेषा काढून सांगितलं की आपण बरोबर इथे उभे आहोत. लग्नापासून मी यांना कशाकडे असं बोट दाखवताना पाहिलं नव्हतं.

दुसरा ता. क. मग उतरताना म्हणाले, "पुढच्या वेळी तू पायथ्यालाही नको येऊस. घरीच थांब, तुला नाही जमायचं." मला खरा धक्का बसला तो इथे. चिखलाचा नाही, पँटचाही नाही. आयुष्यभर हे कचेरीत जायचे आणि मी आतून दार लावायची. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता दार दोघांच्या मागे लागेल. मी शाळेत सायकलवर जात होते, हे यांना कधी सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. सूनबाईची जुनी सायकल मी इमारतीखाली गाड्यांच्या जागेत फिरवते आहे. आतापर्यंत एका खांबाला आणि चिरंजीवांना धडकले. खांब काही बोलला नाही. दुकानात दिवे मी दोन जोड घेतले होते. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तेव्हा वन्सं, यांना एवढंच लिहा: "तिला बरोबर ने." कारण देऊ नका. तुम्ही कारण दिलंत की हे वाद घालतात.

तिसरा ता. क. देव न करो, पण काही झालंच, तर माझा शिवणाचा डबा सूनबाईला. टाके ती घालतेच. ओव्हन चिरंजीवांना, केक भाजायला, म्हणजे ते घरात राहतील आणि खूश राहतील. हॉलचे जाड पडदे समोरच्या बाईंना, काही न बोलता. मोत्यांची माळ तुम्हाला; दर भेटीत तुम्ही ती हातात घेऊन जोखता, तेव्हा वजन ठाऊक आहेच. यांच्यासाठी वेगळं काही ठेवलेलं नाही. हे माझ्याबरोबर असतील.