मुरबाडच्या कपाटातली अकरा पुस्तकं

रविवार, ९ नोव्हेंबर

चौदा हजार! एका पुस्तकाला!

आज मुरबाडला घर बघायला गेलो. हे, मी आणि गुणाबाई. गुणाबाई ह्यांची चुलत बहीण. आमच्या मुलीसाठी, रंजितासाठी, हे स्थळ तिनंच आणलंय. मुलगा, संदेश, रंजिताला गेल्या आठवड्यात बघून गेला, त्याचा होकार आहे. आता आमचा हवा.

रंजिताला सासरहून परत येऊन तीन वर्षं झाली. सोडचिठ्ठीचा कागद यंदा हातात पडला. दुसरेपणाच्या मुलीला कसली स्थळं येतात ते मी बघितलंय — दोन पोरांचे बाप, नाहीतर केसांना कलप लावलेले. हा चौतीसचा, बिनलग्नाचा, कंपनीत कायम. म्हणून मी सगळं गिळायचं ठरवूनच गेले होते. न्हाणीला दार नाही, नुसती ताडपत्री — गिळलं. त्याची आई देवकीबाई दोनदा म्हणाली, "आमी मागचं काय मनात धरत नाय हो." — तेही गिळलं. मनात धरत नाही ते दोनदा कशाला बोलायचं?

पण ते कपाट!

देव स्वयंपाकघरात, पत्र्याच्या फळीवर, फोडणीच्या धुरात. आणि बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट, आत दिवा, त्यात अकरा पुस्तकं. सोनेरी अक्षरं, पानांच्या कडाही सोनेरी. एकावर शिंगांचा राक्षस. मी मनात रामनाम घेतलं आणि विचारलं, "हे करणीबिरणीचं नाही ना रे?"

हसला. "नाय मावशी, खेळ आहे. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करणार ते बोलायचं, फासे टाकायचे."

"म्हणजे सोंगं घेता?"

"हां, बसल्या जागी सोंग."

माझ्या माहेरी बोहाड्याला अख्खं गाव सोंगं घेतं. मुखवटे पणजोबाच्या वेळचे, दरवर्षी रंग तेवढा नवा. पुस्तक कुणी उघडलेलं मी जन्मात पाहिलं नाही. आणि हा बसल्या जागी सोंग घ्यायला चौदा हजार मोजतो! वर अभिमानानं सांगतो, "ही खास आवृत्ती. साधी तीन हजारांना येते."

"मग आत वेगळं काय?"

"आत तेच."

तेच! अकरा हजार कातडी पुठ्ठ्याला आणि सोनेरी रंगाला!

ह्यांनी पोह्याच्या दोन बश्या संपवल्या आणि एस.टी.त बसल्यावर म्हणाले, "पोरगा बरा वाटला."

सोमवार, १० नोव्हेंबर

रंजिताला सगळं सांगितलं. वाटलं, नाक मुरडेल. ती म्हणाली, "मला तो खेळ बघायचाय." बस्स, एवढंच. औषधाच्या दुकानात कामाला जायला निघून गेली. गेली तीन वर्षं ही "मला अमुक पाहिजे" असं बोललेली नाही, आणि बोलली तर हे!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गुणाबाई आली. म्हणे, "वहिनी, दारू नाय, तंबाखू नाय, पुस्तकं घेतो. देवाला नारळ फोड गो!"

म्हटलं, "नारळ तीस रुपयांचा येतो. परवडेल."

तिनं चहा अर्धा टाकला. साखर फुकट गेली.

रविवार, १६ नोव्हेंबर

संदेश तीन मित्रांना घेऊन आमच्याकडे खेळायला आला. मी मुद्दाम ओटीवरच वाती वळत बसले. मुलीला चार पुरुषांत एकटी कशी सोडायची?

दोन पुस्तकं आणली होती. उघडून बघितलं — पानांच्या कडेला पेन्सिलीच्या रेघा, आकडे, एका पानावर चहाच्या कपाचा गोल. चौदा हजारांच्या पुस्तकावर चहाचा डाग! माझी नव्वद रुपयांची पोथी लाल फडक्यात असते, आंघोळ केल्याशिवाय तिला हात लावत नाही.

खेळ म्हणजे — पाण्याखाली गेलेलं एक गाव. संदेश सांगत होता. बरं सांगतो, कबूल. रंजिता नावाडीण झाली. मधेच पाण्यातून कोणी बाई वर येते, म्हणते, तुझं नाव मला दे, मगच पलीकडे सोडीन.

सगळे रंजिताकडे बघायला लागले. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "नाव नाय देणार. वल्हं घे, होडी घे. नाव माझं आहे."

केवढ्यानं म्हणाली! शेजारची ठकी कुंपणापाशी येऊन विचारायला लागली, भांडण कसलं चाललंय? मग फासे पडले आणि पाचहीजण असे ओरडले की माझी वात तुटली.

पण मी लक्ष ठेवून होते. अडीच तासांत त्यानं पुस्तक चारदा उघडलं. बाकी सगळं तोंडचं. निघताना विचारलंच, "संदेश, पैसे पुस्तकाचे की तुझ्या तोंडाचे?"

तो म्हणाला, "मावशी, हिशोब करा. एक पुस्तक, चार माणसं, पन्नास रविवार. रविवारी माणशी सत्तर रुपये पडले. सिनेमाला तेवढ्यात नुसते पॉपकॉर्नपण येत नाय."

मनात भागाकार केला. बरोबर होता. दहावीला गणितात मलाही सत्तरच होते.

रविवार, २३ नोव्हेंबर

परत खेळ. रंजितानं विचारलं, "माझ्या नावाडणीचं पुस्तकात लिहू का?" तो म्हणाला, "ह्या दोनमधे लिही. ही खराबच झालीत."

लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली. ही कहाणीची चोपडी दहा रुपयांची, बावीस वर्षं वाचतेय. टाके निघाले ते मी सुईदोऱ्यानं घातले. आमच्या आळीत एकीकडे चांदीच्या मुठीची पेटी आहे, आत रेशमी पोथी, पाव्हण्यांना दाखवायला. वाचते मात्र माझीच चोपडी मागून नेऊन!

वाचलं की पुस्तकाचे पैसे फिटतात. दहा रुपयांचं असो की चौदा हजारांचं. एवढं मी संदेशच्या त्या डागाळलेल्या पुस्तकांपुरतं मान्य करते. इथेच लिहिते, त्याला सांगणार नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज मुरबाडला यादी करायला गेलो. देणंघेणं, मानपान, जेवणावळ, सगळं कागदावर आलं. लग्न फेब्रुवारीत. चहा येईपर्यंत मी ते कपाट उघडलं. म्हटलं, बाकीच्यांत पण चहाचे डाग आहेत का बघू.

नऊ प्लास्टिकात!

अकरातली नऊ, कारखान्यातून आली तशी. एकाचंही सील तुटलेलं नाही. म्हणजे माणशी सत्तरचा तो हिशोब उघडलेल्या दोघांनाच लागू, आणि मी भोळी अकराही तशीच धरून बसले!

"ही का नाही उघडली?"

"मावशी, उघडली की भाव पडतो."

"मग वाचणार कधी?"

"वाचायची नायत ती. ठेवायची आहेत."

मला राहवलं नाही. चारचौघांत बोलले — "अरे, दारुड्याची बाटली तरी रिकामी होते!" ह्यांनी मला कोपर मारलं. गुणाबाईनं तोंडाला पदर लावला. देवकीबाई म्हणाली, "आमी एवढं मोठं मन केलं..."

म्हटलं, "मन मोठं आहे, न्हाणीला दार नाही. माझी मुलगी ताडपत्रीआड आंघोळ करणार नाही. संदेश, दोन वाचतोस ती ठेव, ती वसूल झालीत. नऊ विक. कमीत कमी आठ हजार धरलं तरी बहात्तर हजार येतील. दार लाव, फरशी घाल, उरतील ते बँकेत टाक."

त्याचे कान लाल झाले. पण म्हणाला, "पुस्तकं विकतो मावशी. दार लग्नाआधी बसेल. शब्द."

पोरगा ऐकतो. यादीवर हळदीकुंकू लावून आलो.

सोमवार, ८ डिसेंबर

दार बसलं! संदेशनं फोटो पाठवला. हिरवं, आतून कडी. गुणाबाईला पेढे दिले — चारच.

रंजितानं फोटो बघून विचारलं, "कुठली विकली?"

म्हटलं, "नऊच विकली असणार. माझ्यासमोर शब्द दिलाय."

"बघितलंस तू?"

नव्हतं बघितलं.

शनिवार, १३ डिसेंबर

फोन करून विचारलं. दोन विकली. ती दोन! डागांची, रेघांची, रंजितानं लिहिलेली. कल्याणच्या एका दुकानदाराला, सहा हजारांत.

"मावशी, ती वापरलेली. त्यांचा भाव पडतच जाणार. पॅक आहेत त्यांचा वाढतोय. तुमीच सांगा, तुमी हिशोबाच्या."

"मग रविवारी खेळणार कशावर?"

"आता लग्न झाल्यावर कुठला खेळ? रंजितालाही घर बघायचंय ना."

मागून देवकीबाईचा आवाज आला, "वापरलेल्याला कोण एवढं देतो गो? भेटले तेवढे भेटले म्हणायचे!"

पुस्तकांबद्दलच बोलत होती. मला माहीत आहे, पुस्तकांबद्दलच. पण मी फोन ठेवून दिला. पहिल्या सासरहून रंजिता आली त्या दिवशी आळीतल्या एकीनं जवळजवळ हेच म्हटलं होतं, तेव्हा ते पुस्तकांबद्दल नव्हतं.

रंजितासमोरच ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "दार तर लावलं ना त्यानं? अजून काय पायजे तुला?"

जो माणूस हात लागलेलं विकतो आणि हात न लागलेलं दिव्याखाली ठेवतो, त्याच्या घरी मी माझी मुलगी पाठवतेय. नाही म्हणावं, तर पुढचं स्थळ कधी येणार, कसलं येणार? अठ्ठावीस संपत आलं तिला. यादीवर माझी सही आहे.

रविवार, १४ डिसेंबर

रंजिता सकाळीच कुठेतरी गेली. दुपारी मुरबाडहून फोन आला, मी उचलला नाही.

सोमवार, १५ डिसेंबर

रंजिता काल कल्याणला गेली होती. त्या दुकानदाराकडून दोन्ही पुस्तकं परत घेऊन आली, स्वतःच्या पगारातून. मला म्हणाली, "मुरबाडला नकार कळवायचाय. तू कळवतेस की मी?"

मी कळवलं.

सात हजार पडले. महाग नाहीत.