तीन उघडे खड्डे

मास्तर, आज म्हसळ्याच्या कचेरीत सकाळपासून बाकावर बसून आहे. कारकून म्हणतो, अर्ज पुन्हा घाला. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी जमिनीचा कागद एका टेबलावर, जंगलाचा दुसऱ्या आणि दगडाचा थेट अलिबागला. गावच्या सोसायटीचा खाणीचा अर्ज आता मी घेऊन फिरतो, कारण हे फिरायचं काम दुसऱ्या कोणाला नको.

तुम्ही मुरुडची शाळा सोडून आमच्या माळावर बॉक्साइटचा दगड शोधायला निघालात, तेव्हा लोक हसले होते. मी तर सातवीतूनच पळालेला, कधी होडीवर, कधी एस्टीच्या टपावर सामान चढवत. माझे पाय ठरत नाहीत हे बघूनच तुम्ही मला सोबत घेतलंत. खाणीचा परवाना गावच्या सोसायटीला मिळाला तर मुंबईच्या गिरणीत जाणारी माणसं घरी राहतील, एवढंच तुमचं म्हणणं. दगड तपासायला खणलेला खड्डा त्याच संध्याकाळी बुजवायचा, हा तुमचा नियम. माळावर गुरं चरायची ना. ती म्हशीवाली म्हातारी रोज मला दटावायची, “बुजवलंस का रं? माजी म्हस पडली तं तुजा मास्तर दूद देनार हाय का?” तुम्ही खाली मान घालून हसायचात. तिचं ताक काय व्हायचं, मास्तर! असो.

फक्त तीन खड्डे परवान्याआधी पाहणीला येणाऱ्या सरकारी निरीक्षकाला दाखवायला उघडे ठेवायचे, भोवती काट्यांचं कुंपण, आणि रोज जाऊन बघायचं काम माझं. मार्गशीर्षात येणारा निरीक्षक माघातही आला नाही. तुम्ही कचेरीला पत्रांमागून पत्रं लिहिलीत: खड्डा उघडा आहे तोवर या, पाहणीची तारीख ठरवून द्या, नाही आलात तर पाहिला असं धरा, हा नियमच करा. उत्तर यायचं, पत्र पोचलं. शिमग्याला मी आठ दिवस मुरुडला कोळीवाड्यात जाऊन राहिलो. परतलो त्याच दुपारी निरीक्षक माळावर उभे.

अजून दिसतं. सपाट तांबडी माती, तुम्ही काठीने जागा चाचपताय. निरीक्षक विचारतात, खड्डे कुठे आहेत? तुम्ही माझ्याकडे बघता. मी सांगतो, गुरं पडतील म्हणून गावाने बुजवले. म्हातारी शेजारीच उभी आहे. तुम्ही म्हणता, “चूक माझी. गावाला नीट सांगायला हवं होतं. तासभर द्या, उघडून दाखवतो.” पण त्यांना त्याच दिवशी रोह्याला जायचं होतं. जागेवर काम आढळलं नाही, असं लिहून ते गेले. पुढच्याच वर्षी तुम्ही वारलात. मग घरागणिक माणसं मुंबईला गेली.

आता नव्या छापील अर्जात पाहणीच्या तारखेचा रकाना आहे. तुम्ही मागितला होतात, तोच. कारकून म्हणतो, तेवढा कोरा ठेवा, तो कोणी भरत नाही. डोकं फिरलं माझं. सगळ्या कचेरीसमोर भांडलो, आणि बाकावर येऊन अर्जाच्या जुन्या नकलेमागे हे लिहायला बसलो.

कुठे टाकणार हे पत्र? पण लिहितोय तर लिहूनच टाकतो. ते खड्डे गावाने नाही, मीच बुजवले होते, मुरुडला निघायच्या आदल्या दिवशी, रोजची राखण टळावी म्हणून. या कचेऱ्यांना मी रोज शिव्या देतो, आणि त्या त्यांना मिळायलाच हव्यात. पण तेव्हा उशिरा का होईना, तो माणूस आला होता, मास्तर.