इंजिनातून गळणारं पाणी

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी ११.२०
बरोबर या वेळी, धरणाच्या उतारावर, माझी बोट नापास झाली. घेऊन जेमतेम आठ दिवस. तपासणी अधिकाऱ्यांनी (यापुढे त.अ.) इंजिन सुरू करायला लावलं. मागून पाण्याची बारीक धार उडाली. बोटीला हातही न लावता शेरा: 'इंजिनातून पाणी गळते. बोट धोकादायक. परवानगी नाही.'
हे पाणी येतं कुठून, मी विचारलं.
"गळते म्हंजे गळते, म्याडम. या वयात कायले पाहिजे बोट?"
वय अर्जात लिहिलं होतं. सदुसष्ट. 'कायले'चा रकाना नव्हता.
संताप. पण पाणी कुठून येतं हे मलाही माहीत नाही, ही त्याहून मोठी चीड.

१२ फेब्रु.
बोट अंगणात, ट्रॉलीवर. अर्धं सिंदी मेघे गाव बघून गेलं. आधीच्या मालकाने, अल्लीपूरच्या व्यापाऱ्याने, ती सात वर्षं गोदामात ठेवली होती. सीटखाली दोन मुठी सरकी निघाली. स्टिअरिंग चक्क जीपचं. तीन बटणं: एक भोंगा, एक दिवा, तिसऱ्याने काहीच होत नाही. निदान मला दिसेल असं काही नाही.
शेजारच्या कुसुमताई कंपाउंडवरून, "पोहता तरी येते का तुम्हाले?"
येतं. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं. पुढे शिक्षिका म्हणून तीस वर्षं शाळेच्या सहली त्याच धरणावर नेल्या आणि काठावरून ओरडले, मुलींनो, पाण्याजवळ जाऊ नका. आता एकदा पाण्यावरून तो काठ बघायचाय. बस.

१४ फेब्रु.
दिवाकर आला. शेतीचे मोटारपंप दुरुस्त करतो, बोटीचं इंजिन जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तरी पाच मिनिटांत निदान. "सायबानं गळते म्हटलं न, मंग भोक बुजवून टाकतो." पाइपाचा मसाला लावून बुजवलं. मी शहाणी, शेजारी उभी राहून मान डोलावली.

१५ फेब्रु.
पंखा बुडेल एवढा पाण्याचा ड्रम मागे ठेवून इंजिन चालवलं. धार बंद. दिवाकर खूश. चार मिनिटांनी रंग जळाल्याचा वास. झाकणावर पाणी शिंपडलं तर तव्यावर पडल्यासारखं चर्र. बंद केलं. इंजिन वाचलं असावं. नसलं तर...
सिस्टर म्हणायच्या, आधी नीट बघा, मग तोंड उघडा. मी आयुष्यभर उलट केलं.

१७ फेब्रु.
सकाळी एकटीने विणायच्या सुईने मसाला कोरून काढला. पाऊण तास. दिवाकरला बोलावून पुन्हा ड्रम. इंजिन सुरू. धार आली! हात धरला. कोमट. ड्रममधलं पाणी गार. पुन्हा धरला, पुन्हा कोमट.
म्हणजे इंजिन खालून गार पाणी ओढतं, अंगभर फिरवतं, तापलेलं बाहेर टाकतं. ही गळती नाही. धार दिसतेय तोवर सगळं ठीक, हे सांगायलाच ते भोक आहे.
दिवाकरनेही धारेत हात धरला. "आपल्या डिझेल इंजिनसारखंच हाय जी हे. मले काऊन नाई सुचलं?"
मलाही नाही सुचलं. तीसपैकी आठ वर्षं विज्ञान शिकवलं मी.

१९ फेब्रु.
दिवाकरची युक्ती: "तपासणीपुरतं बुजवू. सायब दोन मिनिटं पाह्यते अन् सही करते. मंग खोलून टाकजा."
चाललं असतं. दोन मिनिटांत इंजिन जळतही नाही. दुपारभर मोह होता.
नाही. मग त्या कागदावर त.अ. बरोबर आणि माझी बोट खोटी. शिवाय उद्या दुसरं कुणी बोट आणेल, बिचारा भोक बुजवेल, आणि मध्यावर जाऊन...

२१ फेब्रु.
धरणावर गेले. कालव्याला पाणी सोडलंय. उताराचं सिमेंट पाण्याच्या वर उघडं पडत चाललंय. बुडालेलं किती उरलं ते छत्री बुडवून मोजलं: चार छत्र्या. त्याखाली चिखल. पहारेकरी म्हणाला, रोज हातभर तरी सरकते. चिखलात ट्रॉली उतरणार नाही. म्हणजे आठवड्याभरात बोट उतरली नाही, तर थेट पावसाळ्यानंतरच. तेव्हा गुडघे काय म्हणतील, कोण जाणे.

२४ फेब्रु., सोमवार
त.अ. जागेवर होते. सगळं समजावलं. "बघू, म्याडम." शेरा बदलणार का? "वरून विचाराव लागन." धरणाच्या पाण्याला वरून विचारावं लागत नाही, ते चाललंय. असं बोलायला नको होतं. बोलले.
मग तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला आणि शिक्का मारून पोच घेतली. नक्कल इथे:
'आपला दि. ११ चा शेरा चुकीचा आहे. इंजिन थंड करून बाहेर पडणारे पाणी कोणत्या नियमाने गळती ठरते, ते नियम क्रमांकासह कळवावे, अथवा शेरा रद्द करून उतार वापरण्यायोग्य असेपर्यंतची फेरतपासणीची तारीख द्यावी. महाशिवरात्रीची सुट्टी धरूनही आपल्याकडे पुरेसे दिवस आहेत. उत्तर शुक्रवार, दि. २८ फेब्रुवारी, सायंकाळी ५ च्या आत हवे. लेखी. तोंडी, फोनवर किंवा शिपायाकरवी आलेला निरोप उत्तर धरला जाणार नाही.'