चौकटीच्या बाहेर, मोहाच्या झाडापाशी

नवेगाव बांध
१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सौ. रुख्मिणीस,

आशीर्वाद. इकडे ठीक आहे. केशोरीला भावाकडं तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. धान कापून झालं, चुरून दाणे पाडणं बाकी आहे. गाय दूध देऊन राहिली.

जाताना तू दारात म्हणालीस, "या घरात तुमच्या हातचं हाये तरी काय?" त्याचं उत्तर आधी देतो. सागवानाचा कॅमेरा मी केला. त्याचा भाता काळ्या रेक्झिनचा, घड्या तुझ्याच इस्त्रीनं पाडल्या, एक घडी कमीजास्त नाही. तीन पायांचा स्टँड बीजाच्या लाकडाचा. गाईच्या कोठ्यातली अंधारखोली, तिची दोन दारं, म्हणजे एक उघडलं तरी उजेड आत येऊ नये. सायकलच्या मागच्या लाल काचेचा दिवा. फोटो धुवायचा सिमेंटचा हौद, त्याचा उतार असा की पाणी थेंबभर थांबत नाही. एक्स-रेची फिल्म बसवायचे सहा होल्डर. हे मला कोणी शिकवलं नाही. मोटार वायंडिंगच्या दुकानात हात चालतो, तोच इथं चालवला. आणि शेवटची एक चौकट. कोपरे असे बसवले की नख अडकत नाही. मोनालीच्या तेरवीसाठी केली होती.

ती चौकट अजून रिकामी आहे.

तुझे भाऊ खेमराज यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी धावपळ केली. मोनालीचा मोबाईल दवाखान्याच्या गडबडीत कुठं गेला कोणालाच माहीत नाही, म्हणून त्यांनी तिच्या मैत्रिणीकडून फोटो मागवला, फुलचूरच्या स्टुडिओतून मोठा करून आणला, वरून हार घातला. तू पदरानं हात पुसत आलीस, पाहिलंस आणि म्हणालीस, "हे कोन होय?"

खेमराज म्हणाले, "बाई, मोनाली होय ना."

"माही पोरगी सावळी होती. हे गोरीपान कोन आनली? हनुवटीवरचा डाग कुठी गेला? आन डोरे एवढे मोठे काऊन झाले?"

मोबाईलमध्ये तसंच येते म्हणे. गाल आपोआप पांढरे होतात, डोळे वाढतात. आधार कार्डावरचा मोठा करून पाहिला, तो तर बुडत्या माणसासारखा दिसला. मग तू सगळ्या पाहुण्यांदेखत माझ्याकडं वळलीस. "तुमच्यापाशी असन ना जी. तुमी त फोटोवाले. काढा एक." मी अंधारखोलीत गेलो. किती वेळ आत होतो मला सांगता येत नाही. रिकाम्या हातानं बाहेर आलो तेव्हा तू रडत नव्हतीस. "पान्याचे हायेत, झाडाचे हायेत, गोट्याचे हायेत. माह्या पोरीचा एक नाही." एवढं बोलून तू पिशवी भरायला घेतलीस.

तू गेल्यावर मी सगळ्या पेट्या खाली काढल्या.

तुला माहीत आहे, पण लिहितो. आमचे आजोबा दुधराम जंगलखात्यात मजुरीला होते. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबानं त्यांना डबा कॅमेरा दिला. एकोणसाठ सालापासून कार्तिक पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य हातभर वर आल्यावर, त्याच काळ्या खडकावरून तलावाचा एक फोटो. दरवर्षी एकच. चुकला तर चुकला, दुसरा नाही. आजोबांनंतर बाबांनी, म्हणजे उदारामजींनी, काढले आणि सत्याण्णवपासून मी. आजोबांचा नियम होता की फोटोत माणूस नको. "मानूस आला का लोक मानसालेच पाहतेत, तलावाले कोन पाहते?" बाबा तर मासे धरणाऱ्या ढिवरांचे डोंगे पाण्यातून हटेपर्यंत दुपार करत. गावातले लोक पासपोर्टच्या फोटोसाठी आले की मीही सांगायचो, माणसांचे फोटो काढणारे गोंदियात गल्लोगल्ली बसले आहेत. आमच्या घरात कोणी कोणाचा फोटो काढला नाही. बाबांचाही नाही. त्याचा मला अभिमान होता. आता अभिमान म्हणावं की काय म्हणावं, तू ठरव.

मोनाली पाच वर्षांची झाल्यापासून माझ्याबरोबर खडकावर यायची. तिचं काम माणसं हटवायचं. आवाज तुझ्यासारखा, पार सात बहिणींच्या डोंगरापर्यंत जाणारा.

"ओ मनिराम मामा, डोंगा सरकवा जी! बाबाच्या फोटोत येऊन राहिले तुमी!"

आणि तो मनिराम ढिवर पाण्यातून, "तुया बापाले सांग, मासोळीले विचारतो, ते हो म्हनन त सरकतो!"

"मासोळीले सांगा, मोनालीनं सांगितलं म्हनून!"

मग तो हसत हसत डोंगा काढायचा आणि मी लेन्सवरचं झाकण उचलायचो. ती कुठं उभी असायची माहीत आहे? डावीकडं, मोहाच्या झाडापाशी, चौकटीच्या चार हात बाहेर. ती जागा मीच आखून दिली होती. खडूनं खूण केली होती दगडावर.

म्हणून मी पंधरा वर्षांचे निगेटिव्ह एकेक करून काचेवर ठेवले आणि फक्त डावी कड पाहिली. भिंग घेऊन. एखाद्या वर्षी वाऱ्यानं ओढणीचं टोक आत आलं असेल, हात हलवताना बोटं आली असतील, एखादी चप्पल. रुख्मिणी, मी फार बरोबर काम केलं आहे. कुठंच काही आलं नाही. प्रत्येक फोटोत मला बोट ठेवून सांगता येते की ती इथं होती, कडेच्या पलीकडं, ओरडून घसा बसलेली, आणि या वर्षी तिच्या हातात पेरू होता, त्या वर्षी तिला ताप होता तरी आली होती. पण बोट ठेवतो तिथं फिल्म संपलेली असते.

या वर्षीही गेलो होतो. गुरुवारी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. स्टँड लावला, होल्डर घातला, काळं कापड डोक्यावर घेतलं. तलावाच्या बरोबर मधोमध मनिरामचा डोंगा. मी थांबलो. ओरडायला कोणी नव्हतं आणि मला ओरडता येईना. शेवटी त्यानंच हात तोंडाशी नेऊन हाक दिली, "सरकू का जी, लीलाधर भाऊ?"

मी काळं कापड डोक्यावरून काढलं. सामान बांधून खाली आलो. एकोणसाठपासून पहिल्यांदा त्या दिवसाचा फोटो नाही. हे अजून कोणाला सांगितलं नाही. मनिरामला माहीत आहे, पण तो बोलणार नाही.

घरी येऊन रिकाम्या हातानं बसवत नव्हतं म्हणून खराब निगेटिव्हचा डबा साफ करायला घेतला. त्यात गेल्या वर्षीचं पाकीट होतं. वर तिच्या अक्षरात, "मीच आली."

गेल्या वर्षी माझा पाय मुरगळला होता, ते तुला आठवत असेल. खडकावर ती एकटीच गेली. तिला कॉलेजची बस धरायची होती, म्हणून सूर्य हातभर वर यायची वाट तिनं पाहिली नाही. सूर्य पाठीशी आणि अगदी खाली. घरी आली ती हसतच, "बाबा, सगळ्यायले हटवलं आन मीच आली फोटोत. माही छाया पडली जी. खराब झाला." संध्याकाळी धुऊन मी निगेटिव्ह उजेडात धरून पाहिलं, म्हटलं, "पुढच्या वर्षी नीट काढू." तिनं ते पाकिटात घालून डब्यात टाकलं. त्याचा कागदावर फोटो मी कधी काढलाच नाही.

परवा काढला. डेव्हलपरमध्ये कागद टाकला की आधी काळं वर येते. झाडाचे बुंधे, डोंगराच्या कपारी, मग पाणी, आभाळ सगळ्यात शेवटी. या वेळी सगळ्यांच्या आधी ती आली. तलाव यायच्या आधी. पांढऱ्या कागदावर नुसती तीच उभी होती, खाली खडकावर, लांबलचक. मी ट्रे हलवायचा विसरलो. त्यामुळे उजव्या कोपऱ्यात एक डाग राहिला आहे, ती चूक माझी, फिल्मची नाही.

फोटो या पत्राबरोबर पाठवतो. असा पाहा. खालच्या कडेपासून सुरुवात कर. कॅमेऱ्याच्या तीन पायांची छाया दिसेल, तिच्या बाजूला ती. उजवा हात वर, त्या हातात लेन्सचं झाकण. डाव्या हातानं ओढणी धरली आहे, लेन्ससमोर उडू नये म्हणून. कोपर बाहेर काढलं आहे. भाकर थापताना तू तिला म्हणायचीस ना, "कोपर आत घे, भिंतीले लागते", तेच कोपर. वेणी पुढं आलेली आहे. चेहरा नाही. हनुवटीवरचा डाग नाही. पण यात कोणी गाल पांढरे केले नाहीत, डोळे मोठे केले नाहीत. उन्हानं तिला जशी पाहिली तशी टाकली. तुला ही पोरगी ओळखू येते का, एवढंच मला विचारायचं आहे. येत नसेल तर फोटो परत पाठव, मी वाद घालणार नाही.

चौकट आठ बाय दहाची होती, उभी. हा फोटो आडवा आणि लांबट आहे. चौकट मोडून नव्यानं करायला घेतली होती, पण थांबलो. तू म्हणशील तशी करीन. देवघराजवळ लावायची असेल तर तिथं सकाळचं ऊन येते, कागद पिवळा पडेल. मागच्या भिंतीवर बरी.

अजून एक लिहायचं आहे आणि ते मला जमत नाही. पेट्या काढल्या तेव्हा मी मोनालीला शोधत होतो. सगळ्या पाहून झाल्यावर लक्षात आलं की तुझाही नाही. लग्नातला तो गर्दीतला एक, त्यात तुझ्या तोंडावर मुंडावळ्या आहेत. पंचवीस वर्षं तू त्या खडकाखाली डबा घेऊन बसत आलीस. त्या गुरुवारची फिल्म होल्डरमध्ये तशीच आहे, झाकण न उघडलेली. तू तिच्यासमोर उभी राहशील का? हसायचं नाही, नटायचं नाही. नुसती उभी राहा. येशील तर ये. येणार नसशील तर मी कॅमेरा बांधून केशोरीला येतो, तुझ्या भावाच्या अंगणात उजेड चांगला आहे. दार लावून घेतलंस तरी मी अंगणातच बसेन.

आता जे सांगायचं नव्हतं ते. रविवारी खेमराज एका माणसाला घेऊन आले होते, त्यामुळे तुझ्या कानावर अर्धंमुर्धं गेलं असेलच. पूर्ण माझ्याकडून ऐक. तो तलावाकडं हॉटेल बांधून राहिला आहे. आजोबांपासूनचे सगळे फोटो त्याला हॉलमध्ये ओळीनं लावायचे आहेत, मध्ये एकही वर्ष गाळायचं नाही. मोनालीचा फोटो तारेवर वाळत होता, तो पाहून म्हणाला, "भाऊसाहेब, ये परछाई कंप्युटर पे निकाल देंगे. दो मिनिट का काम है."

मी म्हटलं, "छाया ठेवता का? ठेवत असान त पूर्न सहासष्ट फुकट घेऊन जा."

त्याला गंमत वाटली. "अहो, लोक विचारतील ना, ही कोणाची छाया म्हणून."

"विचारू द्या."

खेमराज मध्ये पडले, "भाऊजी, कायले अडून राहिले? छायाच त होय." त्या माणसानं आधी साडेचार लाख सांगितले होते. फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि छाया पुसून सहासष्ट फोटोंचे सहा लाख रुपये म्हणाला, रोख. मी नाही म्हटलं.

लीलाधर