गाणं माझं, नाव मास्तरांचं

३ मार्च १९८४, चौक
शेवटी पाहिला. सगळं कॉलेज महिनाभर ज्याच्या नावाने उसासे टाकतंय तो पिक्चर. अर्थशास्त्राचा तास बुडवून कर्जतला मॅटिनी. मैत्रीण मंगलने चौथ्यांदा, मी पहिल्यांदा.
कॉलेजातली चार पोरं, गिटारी, ड्रम. रेकॉर्ड कंपनीचा साहेब दारात येतो तर त्याला ऐटीत सांगतात, आम्ही दुसऱ्यांची गाणी गात नाही, आमची आम्ही करतो. इथपर्यंत फार आवडला. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग हीरोला बाकावर हिरॉइनची वही सापडते. त्यातली कविता उचलतो, चाल लावतो, गॅदरिंगला गातो. पोस्टरवर गीत-संगीत दोन्हीकडे ह्याचंच नाव. आणि ती? आनंदाने रडत स्टेजवर धावते. संपला.
आपलं आपण करतो म्हणे!
एसटीत मंगलशी वाजलं. ती म्हणते, तिच्यासाठीच गातो ना गं तो, तुला प्रेमातलं काही कळत नाही. म्हटलं, तुझ्या बापाच्या खाचरातला भात कापून कुणी तुलाच पेंढी भेट दिली तर नाचशील का? कुंभिवलीला उतरेपर्यंत बोलली नाही.

७ मार्च
भित्तिपत्रकासाठी लिहून दिलं. दीड पान. मथळा: ‘तिला विचारलं का?’ मराठीचे सर वाचून हसले, चांगलं आहे म्हणाले. पण पिक्चरवर, त्यातून प्रेमाच्या, मुलीने लिहायचं म्हणजे... ‘नाव नको घालू या. तुझ्याच भल्यासाठी.’
मी हो-नाही काही बोलले नाही. का नाही बोलले?

१० मार्च
लागलं. खाली ‘एक विद्यार्थिनी’. मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत बॉलपेन काढून ते खोडलं आणि नाव लिहिलं. सुनंदा, अकरावी कला. उभ्याने लिहिलं म्हणून अक्षर वाकडं, पण वाचता येतं.
दुपारपर्यंत कुणीतरी बाजूला ‘जळते मेली’ असं लिहून गेलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घातलेलं नाही. मंगलला दाखवलं तर पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसली.

१८ मार्च
गॅरेजवर गेले. बाबांची सायकल दाखवायचं निमित्त. दि. ट्रकखाली होता, बाहेर आला तो कोपरापर्यंत काळा. (नाव पूर्ण लिहायचं नाही. आई प्रौढवर्गाला जाते, तिला आता वाचता येतं.)
दि. बंडूकाकांच्या गायन पार्टीत मुख्य गातो. काका माझ्या बाबांचे चुलतभाऊ, सगळा तालुका त्यांना बंडू मास्तर म्हणतो. ढोलकी, बेंजो, पेटी, सगळं घरचं आणि गाणीही घरचीच. मी कोरसमध्ये, मागच्या रांगेत.
दि.ला माझं गाणं दिलं. चार घड्या घालून. आईचं गाणं, अंगठा सोडून सही करायला शिकली त्याचं. म्हटलं, वाच फक्त. कुणाला दाखवू नको असं म्हणायचं राहिलं, की मुद्दाम म्हटलं नाही, देव जाणे. आमच्यात देव नाही, पण सवय जात नाही.
त्यानेही तो पिक्चर पाहिलाय. कसा वाटला विचारलं. मी, दीड पान लिहिणारी, म्हणाले, ‘गाणी छान होती.’
तो आवडतो मला. लिहून टाकलं. आईने वाचलं तरी वाचू दे.

१ एप्रिल
चौदा एप्रिलच्या जयंतीची तालीम, समाजमंदिरात. दि. आज काहीतरी लपवत होता, कान लाल. मला पुढे बसवलं. बेंजो सुरू झाला आणि त्याने गायला घेतलं:

अंगठ्याची शाई पुसली गं माय
पाटीवर नाव तुझं उजळत जाय

माझं. माझं गाणं, ढोलकीवर. चाल अशी लावलीय की अंगावर काटा आला. खरं लिहायचं तर पहिल्या दोन कडव्यांना मी त्या पिक्चरच्या हिरॉइनसारखीच हसत होते. डोळेही भरले. त्या पोरीला उगाच मूर्ख म्हटलं मी. असं होतं माणसाला.
मग शेवटचं कडवं. आमच्याकडे शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं, त्यावरून लोकांना कळतं गाणं कुणाचं. मी लिहिलं होतं, ‘सुनंदा सांगे, माय लिही तू पुढं.’ दि.ने गायलं, ‘बंडू मास्तर सांगे.’
ओळ लांब झाली. ढोलकीवाल्याला मध्ये एक ठेका कोंबावा लागला.
सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही खुश होणार म्हणून. मी उठून घरी आले.

२ एप्रिल
परीक्षा डोक्यावर. एक अक्षर डोक्यात शिरत नाही.
दि.ला वाटलं मी धावत स्टेजवर जाईन. तीन रुपयांच्या तिकिटात एवढंच शिकला.

५ एप्रिल
बंडूकाका घरी आले. रागावलेले नव्हते, हे जास्त वाईट. बाबांसमोर बसून समजावलं. पार्टीचा रिवाज आहे. पार्टी जे गाते ते मास्तरांच्या नावाने जातं. ‘मी बी माझ्या गुरूचं नाव अकरा वर्षं गायलो, पोरी. माझी कितीतरी गाणी त्यांच्या नावावर हायेत. आमी कधी रडलो नाय.’ आणि गावोगाव माइकवरून पोरीचं नाव घेतलं तर उद्या स्थळवाले काय म्हणतील?
शिवाय यंदा पनवेलचा दुकानदार टेप करायला येणार आहे. कॅसेट निघणार. म्हणजे एकदा जे नाव गेलं ते गेलं. घरोघर तेच वाजणार.
मी विचारलं, काका, तुमची ती गाणी लोक कुणाची म्हणतात?
‘गुरूचीच म्हणतात.’
मग उठले. चहा तसाच ठेवून गेले. वाईट वाटलं. पण मी मागे हटणार नाही.

८ एप्रिल
दि. विहिरीपाशी भेटला. मला वाटलं होतं भांडेल. बिचारा पडलेल्या तोंडाने म्हणाला, ‘तुला आवडंल वाटलं गं. तूच म्हनालीस गाणी छान होती.’
तेवढं माझं चुकलं, कबूल. मग त्याला पूर्ण दीड पान तोंडी म्हणून दाखवलं, कळशी कमरेवर ठेवून. ऐकलं त्याने. म्हणाला, मास्तरांनी बोट धरून शिकवलं त्याला, भर स्टेजवर त्यांचं नाव कसं गाळू?
म्हटलं, गाळू नको. त्यांच्या गाण्यात घे. माझ्यात माझं घे.
‘आनि नाय घेतलं तर?’
‘तर मी मागच्या रांगेतून घेईन.’
म्हणाला, पनवेलवाल्याचा टेप बिघडंल. म्हटलं, बिघडू दे.
अजूनही आवडतो. हे फार गैरसोयीचं आहे.

११ एप्रिल
बाबा म्हणतात यंदा कोरसला जाऊ नको, घरी बस, वाद नको. मी काही बोलायच्या आत आई चुलीजवळून बोलली. मोठ्याने नाही.
‘तिनं माज्यावर गाणं केलंय. ते कुणाच्या पोरीनं केलं ते लोकान्ला कळाय नको?’
बाबा वर्तमानपत्रात गेले. कोरसचा विषय तिथेच संपला.
आईने गाणं केव्हा वाचलं? म्हणजे वहीही... जाऊ दे.

१४ एप्रिल, दुपार
निळे झेंडे बांधून झाले. स्टेजवर ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ सुरू आहे, घरात ऐकू येतंय. पनवेलवाला टेप घेऊन आलाय, दोन कोऱ्या कॅसेट.
सकाळी काकांकडे गेले. सरळ सांगितलं, शेवटच्या ओळीत तुमचं नाव आलं तर मी मागून माझं गाणार, त्याच सुरात. पेटी पुसत होते. वर न बघता म्हणाले, ‘बेसूर झालीस तर पार्टीतून काढीन.’ हो म्हणाले की नाही, मला अजून कळलेलं नाही. दि.ला विचारलं ते काय बोलले. त्यालाही काही सांगितलेलं नाही. कुठलं नाव घेणार, विचारलं. म्हणतो, तिथं उभा राहिल्याशिवाय नाय सांगता येणार.
ठीक आहे. भीती वाटतेय. मंगल येणार आहे कुंभिवलीहून, आई पहिल्या ओळीत बसणार आहे. दोन नावं एकदम टेपवर गेली तर जाऊ देत. माझा आवाज दि.पेक्षा चढा आहे, ते त्यालाही माहीत आहे.
कोरसला सहाला बोलावलंय. मी पाचलाच जाते, माइकजवळची जागा धरायला.