बादलीवाल्यांच्या खर्चाने नळाची बैठक

ती. ताईस,

धाकट्याचा दंडवत. तुझे गुडघे जिना चढू देतात का, ते आधी कळव. भावोजींच्या रक्तदाबाची मी चौकशी करत नाही. तू आपणहून लिहिलंस तर वाचीन.

सहा वर्षांपूर्वी तुझ्या घरी भर पाहुण्यांत मी भावोजींनी बसवलेल्या नळाला माप लावलं आणि तो नापास केला. (नापासच होता, पण ते असो.) ते म्हणाले, "काम असेल तरच या गावात ये." मीही ताडकन म्हणालो, "कामाशिवाय पाऊल टाकणार नाही!" शब्द म्हणजे शब्द. म्हणून कामच तुमच्या गावात आणायच्या खटपटीला लागलो.

तुला ठाऊकच आहे, नळाच्या आट्यांची मापं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीचा मी चिटणीस. अकरा देशांची माणसं वर्षातून एकदा जमतात, आणि कुठे जमायचं यावर उरलेलं वर्ष भांडतात. यंदा मी सुचवलं की सगळ्यांना सारखाच प्रवास पडेल अशी जागा गणिताने काढावी. (गणित मीच करणार, हे ओघाने आलंच.) आकडेमोड चोख केली आणि जागा निघाली भर समुद्रात! अध्यक्षांनी गंभीरपणे नोंद करायला लावली की जागा न्याय्य आहे, परंतु सभागृह नाही. मग जवळची जमीन म्हणून मी तुमचं गाव पुढे केलं. तिथून समुद्र किती लांब, हे नशिबाने कुणी विचारलं नाही.

आता राहिला प्रायोजक. तुमच्या गावातले प्लॅस्टिकच्या बादल्यांचे कारखानदार एका फोनवर तयार झाले: सभागृह, दोन वेळचं जेवण, वर प्रत्येक पाहुण्याला झाकणासकट एक बादली. मनातल्या मनात मी तुझ्या ओट्याशी बसून चहासुद्धा प्यायलो. पण समितीतले एक वयोवृद्ध सभासद, ज्यांना आम्ही 'वॉशर' म्हणतो (अंगाने पातळ, पण त्यांच्याशिवाय काही घट्ट बसत नाही), त्यांनी हात वर केला. नळ गळला की बादली खपते. तेव्हा ज्यांचं पोट गळतीवर, त्यांच्याच पैशाने गळती थांबवायचे नियम कसे करायचे? तीन तास खल झाला. कारखानदार बिचारे शपथेवर सांगत होते की लोक अंघोळीलाही बादली घेतात. शेवटी तडजोड म्हणून त्यांनी झाकणं वगळायची तयारी दाखवली. त्याने काय साधणार होतं ते मलाही कळलं नाही, पण मी अनुमोदन दिलं.

मतदान उद्या आहे. भावोजींना सांगून ठेव, मी आलोच तर निव्वळ समितीच्या कामासाठी येईन आणि घरी पाणी प्यायलाही थांबणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आतच मतदान झालं. आपण आपटलो. बैठक दुसरीकडे, खर्च एका कुलपांच्या कंपनीचा. तुमच्या गावाला माझं धरून दोन मतं पडली. दुसरं कुणाचं, देव जाणे.

आणखी एक. त्या बैठकीला मी जातच नाहीये, रजा टाकली आहे. रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतो. कामबिम काही नाही गं, तुम्हा दोघांची फार आठवण येते. भावोजींना आधी सांगू नकोस. दार मात्र त्यांनाच उघडू दे.