शेजारणीकडे बघायचं नाही

बाई, आज भर गल्लीत मी पुन्हा शेजारणीच्या तोंडाकडे बघितलं. या वेळी शेजारीण नव्हती, नवरा होता, एवढाच फरक. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमची बोटं हनुवटीला लागल्यासारखी वाटली. चौथीच्या वर्गात तुम्ही मला उभं केलं होतं. "भरती दिवसातून किती वेळा येते?" मी लगेच बाकावरच्या हुशार मुलीकडे वळले. तुम्ही खडू ठेवून आलात, माझी हनुवटी धरून तोंड फळ्याकडे फिरवलंत आणि म्हणालात, "तोंड तुझं आहे ना? मग उत्तर तिच्या तोंडात कशाला शोधतेस? येत असेल तर सांग. येत नसेल तर 'येत नाही' म्हण. दोन्हीला मी मारत नाही. पण शेजारणीकडे बघायचं नाही." मी मान खाली घालून उभीच राहिले. घरी गेले तर आई मोरीपाशी निवट्यांची मासळी साफ करत बसलेली. मला बघून म्हणते, "हनवटीला काय लागलाय गो तुजे?" खडू होता. मी "काय नाय" म्हटलं आणि पदराने तिनेच पुसला.

आता मी महापालिकेच्या निवडणुकीत उभी आहे. उभी आहे म्हणजे उभी केलेली आहे. नवरा कित्येक वर्षं तयारी करत होता; कुणाची हळद चुकवली नाही, कुणाचं बारावं चुकवलं नाही. मग आरक्षणाची सोडत निघाली आणि जागा महिलांसाठी राखीव झाली. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. तो दारातूनच म्हणाला, "तुझी कागदपत्रं काढून ठेव, फॉर्म तुझ्या नावाने भरायचाय." तव्यावरची भाकरी उलटेपर्यंत मी उमेदवार झाले होते. हे मी ज्या प्रचारपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय, त्याच्या पुढच्या बाजूला मी हात जोडून उभी आहे आणि माझ्यामागे माझ्या दुप्पट आकाराचा तो. त्याचे कार्यकर्ते रोज सकाळी बजावतात, "वहिनी, तुमी फक्त नमस्कार करा. बोलायचं टेन्शन घेऊ नका."

आणि लोक! चीड येते, बाई. कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीत आजोबांनी नवऱ्याला खुर्ची दिली आणि मला उभ्याउभ्या विचारलं, "इतकी वर्षं कुठे होतात?" कुठे असणार? घरात होते, स्वयंपाक करत होते! एकीने जिन्यातच सुनावलं, "आल्या आयत्या बिळावर नागोबा." तिसऱ्या मजल्यावर आमच्या तोंडावर दार आपटलं, आणि ते आधी माझ्या तोंडावर आपटलं, कारण पुढे मला ठेवतात. कचरा, पार्किंग, डास, सगळ्यांचा राग माझ्यावर. वड्याचं तेल वांग्यावर. लोकांनी रागवावं, रागवण्यासारखं पुष्कळ आहे. पण वर्षानुवर्षं जो हिंडला त्याला 'साहेब' आणि चहा, आणि मी पहिल्यांदा दारात आले तर मला बोलणी, हा कुठला न्याय? तुम्ही असतात तर छडी आपटली असतीत.

आज सकाळी गावठाणातल्या मागच्या गल्लीत गेलो. गल्लीच्या तोंडाशी आमची नवी बिल्डिंग आहे, नवऱ्याने बांधलेली. आत गेलं की आईच्या वयाची एक बाई उंबऱ्यावर बसलेली असते. गेल्या पावसाळ्यात तिच्या घरात गटाराचं पाणी शिरलं. तिचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला. त्याला शेजाऱ्यांनी चादरीत घालून बाहेर काढलं. मी हात जोडले तशी ती म्हणाली, "नमस्कार राहूदे. तुमचे बिल्डिंगची माती गटारान कोनी टाकली, येवढा सांग."

नवरा पुढे झाला. "मावशी, टेन्शन नका घेऊ. आपन पत्र दिलंय. इलेक्शन झालं की पयलं तेच काम."

"तुला नाय इचारला. हिला इचारला. मत हिचे नावान मागतास, न जबाब तू देतंस?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे मोठे केले.

"बघा गो, त्याचे तोंडाकडं बघतं! हिला इचारून काय फायदा?"

गल्ली हसली. कार्यकर्त्यांनी रिक्षावरचं प्रचाराचं गाणं मोठं केलं. मी पुन्हा हात जोडले आणि सगळ्यांच्या मागून चालायला लागले.

बाई, मला उत्तर येत होतं. माती आमचीच. पाया खणला तेव्हा डंपर गल्लीत वळेना, म्हणून माती गटाराच्या कडेला ओतली, आणि पावसाने ती आत ढकलली. मी आमच्या घराच्या गच्चीवरून बघत होते. कामगारांना चहा मीच नेऊन दिला. तेव्हा नवऱ्याला विचारलंही होतं, तर म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतं?" मग मीही न कळल्यासारखी राहिले, ते सोयीचं होतं. घरी आल्यापासून मी सगळ्यांवर चिडतेय. खुर्चीवाल्या आजोबांवर, दार आपटणाऱ्यांवर, गाणं मोठं करणाऱ्यांवर. त्या बाईवर मात्र चिडता येत नाही. एवढ्या प्रचारात तिने एकटीने प्रश्न मला विचारला. नवऱ्याने धरलं नाही, पक्षाने धरलं नाही, तिने मला उमेदवार धरलं होतं. आणि मी तिला काय दिलं? नमस्कार!

जेवताना नवरा म्हणाला, "त्या गल्लीत परत जायचं नाय. आता सोसायट्या करू." भात कालवत पुढे म्हणाला, "तू गप्प बसलीस ते बरं केलंस." शाबासकी दिली मला, बाई! पहिल्यांदाच दिली, आणि कशाबद्दल, तर गप्प बसल्याबद्दल. ताट तसंच ठेवून मी उठले आणि हे लिहायला बसले.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. घडी घालून पिठाच्या डब्याखाली सारेन. आताच खालून हाक आली, "वहिनी, येताय ना?" मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "येत नाही." सोसायट्या त्याच्या त्याने कराव्यात. मी त्या गल्लीत चाललेय, एकटी. ती मला मत देणार नाही, आणि माझ्या तोंडून खरं ऐकल्यावर गल्लीतलं दुसरंही कुणी देणार नाही. रात्री घरात काय होईल त्याची भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू.

आणि तुमच्याशीही एकदा खोटं वागलेय. माझा बाप रोज होडी घेऊन खाडीत जायचा, बाई. भरती दिवसातून दोनदा येते. तेव्हाही मला येत होतं.